आधी स्फुरद, मग पालाश

एप्रिल लागला की आमच्या कारंजा गावात मातीच्या पिशव्या यायला लागतात. गहू-हरभरा निघालेला असतो, वावरं मोकळी असतात आणि पेरणीला अजून दोन महिने असतात. या दोन महिन्यांत शेतकरी वावराच्या चार-पाच कोपऱ्यांतली माती उकरतात, कापडी पिशवीत भरतात, आत नाव-गाव आणि गट नंबर लिहिलेली चिठ्ठी टाकतात आणि ती पिशवी बसच्या खिडकीतून, मोटरसायकलच्या हँडलला अडकवून, कधी सासरी निघालेल्या मुलीच्या हाती, माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत पाठवून देतात. परवा त्या प्रयोगशाळेसमोरून जात होते. ओसरीवर कागद पसरून माती सावलीत वाळत घातली होती. काळी, करडी, एखादी तांबूस. कोणीतरी लाकडी मोगरीने ढेकळं फोडत होतं आणि चाळणीतून गळणाऱ्या मातीचा तो कोरडा, नाकात शिरून घसा धरणारा वास रस्त्यापर्यंत येत होता. मी गाडी उभी केली. दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा मला त्या वासासकट आठवला.

त्या उन्हाळ्यात मी एक प्रोग्राम एका घरातून उचलून दुसऱ्या घरात नेला. सांगायला गेलं तर एवढंच.

तो प्रोग्रामही माझाच होता. त्या उन्हाळ्याच्या पंधरा वर्षं आधी, अमरावतीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात असताना, प्रोजेक्ट म्हणून मी तो या प्रयोगशाळेसाठी लिहिला. तेव्हा इथे सगळं वहीत चालायचं. मातीचा सामू, म्हणजे ती किती आम्ल किती विम्ल, मग क्षार, सेंद्रिय कर्ब, स्फुरद म्हणजे फॉस्फरस, पालाश म्हणजे पोटॅश. प्रत्येकाचा आकडा वहीत लिहायचा, तक्ता उघडून बघायचा आणि शेतकऱ्याच्या कार्डावर हाताने लिहून द्यायचं की सोयाबीनला हे खत टाका, तुरीला ते. माझ्या प्रोग्राममध्ये आकडे भरले की कार्ड आपोआप छापून यायचं. त्याच वर्षी कमळाताई सहायक म्हणून लागल्या होत्या. दहावी झालेल्या, सदतीस वर्षांच्या, माहेर शिरपूरचं. संगणकाला त्यांनी त्याआधी कधी हात लावला नव्हता. मी एकवीस वर्षांची, आणि शिकवायची मला फार घाई. पहिल्या दिवशी त्या कीबोर्डकडे बघून म्हणाल्या होत्या की ही अक्षरं ओळीनं काहून नाहीत, कोणी सांडली काय.

पण शिकल्या. अशा शिकल्या की पुढे मी पुण्याला नोकरीला गेले, दहा वर्षं तिथे राहिले, मग घरूनच काम करायची मुभा मिळाल्यावर कारंज्याला परत आले, तरी त्यांचं तंत्र तेच होतं. डोळा माती तपासायच्या यंत्राच्या आकड्यावर, उजवा हात कीबोर्डच्या आकड्यांवर. आकडा, एंटर. आकडा, एंटर. पडद्याकडे त्या बघायच्याच नाहीत. एका नमुन्याला पाच आकडे आणि पाच एंटर, आणि शेवटच्या एंटरला त्यांची करंगळी किंचित जोरात पडायची. ओसरीवर बसलेल्या माणसालाही आवाजावरून कळायचं की एक नमुना झाला. मी एकदा विचारलं होतं की न बघता चुकत नाही का. त्यांनी हात न थांबवता सांगितलं, "पाहाची गरजच नाई पोरी. बोटाले मालूम हाय."

दोन वर्षांपूर्वी मार्चच्या शेवटी प्रयोगशाळेत नवे संगणक आले. जुना खरंच थकला होता. सुरू व्हायला त्याला चहा पिऊन होण्याइतका वेळ लागायचा. पण नव्या संगणकावर माझा प्रोग्राम चालेना. कारण साधं होतं. पडद्यावर आपल्याला खिडकी दिसते, बटण दिसतं, आकडा लिहायची चौकट दिसते. या गोष्टी प्रोग्राम लिहिणारा मुळापासून घडवत नाही. त्या तयार मिळतात, एका संचात. त्याला टूलकिट म्हणतात. मी जो संच वापरला होता, तो करणाऱ्यांनी केव्हाच सोडून दिला होता, आणि नवे संगणक त्याला ओळखतच नव्हते. प्रोग्रामचं गणित सगळं शाबूत होतं. फक्त त्याला दारं-खिडक्या उरल्या नव्हत्या.

प्रयोगशाळा चालवणाऱ्या संस्थेच्या सचिवांनी मला बोलावलं. सज्जन माणूस, घाईतला. त्यांनी एक तयार प्रोग्राम बघून ठेवला होता. सगळा इंग्रजीत, सगळा माउसवर. तो चालवायला शहरातून कोणीतरी शिकलेलं माणूस आणू, असं ते म्हणाले. कमळाताईंचं काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, त्यांना माती चाळायला देऊ, बाहेर ओसरीवर, तिथंही माणूस लागतंच.

कमळाताई त्याच खोलीत होत्या. काचेच्या नळ्या धूत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण नळाचं पाणी बंद केलं.

मी सचिवांना म्हटलं की मला महिनाभर द्या, मी आहे तोच प्रोग्राम नव्या टूलकिटवर आणते. जमेल का, असं त्यांनी विचारलं. जमेल, असं मी सांगितलं, आणि ते उगाच सांगितलं नव्हतं. मला माझं काम येतं. पुण्यात मी याहून दसपट मोठे प्रोग्राम हलवले होते. सचिवांनी कॅलेंडरवर बोट फिरवलं आणि एप्रिलची अखेर ठरवली. त्यापुढे गर्दीचा हंगाम, मग थांबता येणार नाही.

तो एप्रिल मला सकाळच्या प्रकाशात आठवतो. कंपनीचं काम दहाला सुरू व्हायचं, म्हणून मी पाचला उठून गच्चीवरच्या खोलीत बसायची. त्या वेळी वारा अजून गार असायचा. खाली आई अंगणात पाणी शिंपडायची, गल्लीत जयंतीची निळी तोरणं लागायला सुरुवात झाली होती, आणि बाबा कपबशी घेऊन वर यायचे, पडद्याकडे बघायचे आणि खाली जायचे. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस. दुसऱ्याच्या कामात बोलू नये हे त्यांना पक्कं माहीत. साडेआठला पत्रा तापायचा आणि मला उठावं लागायचं.

एकवीस वर्षांच्या मुलीने लिहिलेलं मी छत्तिसाव्या वर्षी वाचत होते. मुलगी हुशार होती. गबाळीही होती. एकाच गोष्टीला तीन ठिकाणी तीन नावं दिलेली. एका जागी तिने इंग्रजी अक्षरांत मराठी टीप लिहून ठेवली होती, ‘हे का चालतं माहीत नाही, हात लावू नये’. मी हात लावला, आणि चालायचं बंद झालं. तासभर डोकं घातलं तेव्हा कळलं की तिने नकळत एक बरोबर गोष्ट केली होती. मला हसू आलं आणि थोडा हेवाही वाटला. माहीत नसताना इतक्या धिटाईने पुढे जाणं आता मला जमत नाही. आता मी आधी बघते, मग पाऊल टाकते. तिने पाऊल आधी टाकलं होतं आणि पंधरा वर्षं त्यावर अख्ख्या तालुक्याची कार्डं छापली गेली होती.

जुन्या टूलकिटमध्ये प्रत्येक चौकट कुठे बसवायची ते मोजून सांगावं लागायचं, वरून इतकी, डावीकडून इतकी. नव्यामध्ये तसं नाही. याच्या खाली ते, त्याच्या शेजारी हे, एवढंच सांगायचं. जागा तो आपली आपण करतो. त्यामुळे मला प्रत्येक खिडकी उघडून पुन्हा मांडावी लागली. नावनोंदणीची खिडकी, नमुन्याची, कार्डाची, जुनी नोंद शोधायची. एकेक खिडकी नव्या संगणकावर उघडून उभी राहिली की मी हातातला चहा संपवायची आणि पुढची घ्यायची. शेतकऱ्यांची नावं जुन्या पद्धतीच्या मराठी अक्षरांत साठवलेली होती. ती नव्या पद्धतीत आणताना बहुतेक सुखरूप आली, पण ज्यांच्या नावात ऱ्ह किंवा ऱ्य होतं ते सगळे मोडून पडले. कऱ्हाळे, गोऱ्हे, पऱ्हाड. मी त्यांना बाजूला काढलं आणि तीन सकाळी बसून हाताने एकेक नीट केलं. नाव चुकीचं छापलेलं कार्ड माणूस कशाला जपेल?

एप्रिलच्या अखेरीआधी चार दिवस मी प्रोग्राम प्रयोगशाळेत नेऊन बसवला. पडदा कमळाताईंनी नीट निरखला. रंग त्यांना आवडला, अक्षर मोठं आहे म्हणून बरं वाटलं. पण एंटर मी अजून जोडलं नव्हतं. पहिले तीन दिवस त्यांना प्रत्येक चौकटीवर माउस नेऊन टिचकी मारावी लागली. त्या माझ्यावर रागावल्या नाहीत, पण दिवसाला साठ नमुने करणारी बाई वीसवर आली होती, आणि सचिव येता-जाता दारातून बघत होते. चौथ्या दिवशी मी एंटर जोडलं. आकडा लिहा, एंटर दाबा, पुढच्या चौकटीत जा. कमळाताईंनी दोन नमुने पडद्याकडे बघत भरले. भरताना आकडे दिसत होते, हात पुढे सरकत होता, सगळं ठीक वाटलं. तिसऱ्या नमुन्याला त्यांनी मान वळवली आणि यंत्राकडे बघायला लागल्या. आकडा, एंटर. आकडा, एंटर. तो ओळखीचा आवाज खोलीत परत आला. मी खुर्चीत मागे रेलून तो ऐकत बसले. त्या दिवशी घरी जाताना मी रसवंतीवर थांबून दोन ग्लास उसाचा रस प्यायले, एकटीच.

दोन दिवसांनी सकाळी कमळाताईंचा फोन आला. लवकर ये, एवढंच म्हणाल्या.

मी गेले तेव्हा त्यांच्यासमोर एक कार्ड होतं. छपाई यंत्रात कागद अडकला होता म्हणून बाहेरच्या कारकुनाने ते त्यांच्याकडे पुन्हा छापायला आणून दिलं होतं. नाहीतर छापलेलं कार्ड त्यांच्या हाती येतच नसे. ते बाहेरच्या टेबलावरून परस्पर शेतकऱ्याकडे जायचं.

"हे पाय," त्या म्हणाल्या. "पालाश कमी दाखवून राह्यलं. आपल्या काळ्या मातीत पालाश कमी? मी पंधरा वर्षांत नाई पाह्यला."

मी कार्ड घेतलं. स्फुरद प्रचंड, पालाश जवळजवळ नाहीच. आकडे ओळखीचे होते, फक्त एकमेकांच्या जागी बसले होते. मी कीबोर्ड ओढला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझा स्वतःचा प्रोग्राम त्यांच्यासारखा, पडद्याकडे बघत पण माउसला हात न लावता चालवला. सामू, एंटर. क्षार, एंटर. कर्ब, एंटर. आणि माझ्या डोळ्यांदेखत कर्सर निमूटपणे पालाशच्या चौकटीत गेला. तिथून मागे येऊन स्फुरदच्या.

जुन्या टूलकिटमध्ये एंटर पडद्यावरच्या क्रमाने चालायचं, डोळ्याला जे पुढे दिसतं ते पुढे. नव्यामध्ये ते ज्या क्रमाने चौकटी बनवल्या त्या क्रमाने चालत होतं. आणि सुरुवातीला, चाचणी म्हणून, मी पालाशची चौकट स्फुरदच्या आधी बनवली होती. पडद्यावर ती योग्य जागी बसली होती, पण आतल्या रांगेत स्फुरदच्या पुढे उभी होती. मी तपासलं नव्हतं असं नाही. शंभरदा तपासलं होतं, पण माउसने, प्रत्येक चौकटीवर टिचकी मारून. आणि कमळाताईंनी पहिले दोन नमुने बघून भरले, ते आकडे नीट चौकटीत पडतात का हे बघत. चौकटीचं नाव वाचायचं त्यांच्या मनातही आलं नाही, पंधरा वर्षांत क्रम कधी बदललाच नव्हता. शिवाय आकडा भलताच असला तर जुना प्रोग्राम लाल अक्षरांत विचारायचा, नक्की का? तो प्रश्नही नव्यात लिहिलेला होता, पण त्याची तार जोडायची राहून गेली होती. लिहिलेला होता आणि मुका होता.

त्यांना माझ्या कामावर भरवसा वाटला, त्यांनी मान वळवली, आणि चूक त्या क्षणापासून लपली. हे मला नंतर पुष्कळ दिवस टोचत राहिलं. अजूनही टोचतं, पण आता त्याचा उपयोग होतो.

त्या वेळी मात्र टोचून घ्यायला सवड नव्हती. किती कार्डं गेली, असं मी विचारलं. अकरा, असं कमळाताईंनी मोजूनच ठेवलं होतं. उरलेली अजून छापायची होती, ती जागच्या जागी दुरुस्त होणार होती. अकरा कार्डं गावांत गेली होती. आणि कार्ड बघून माणूस खत आणतो. ज्या मातीला स्फुरद हवं तिला ते मिळणार नव्हतं, आणि हंगाम एकदाच येतो.

मी म्हटलं की चूक माझी आहे. कमळाताई म्हणाल्या, "तुही अर्धी, माही अर्धी. आता ते वाटून कायले बसा? चाल, आणू वापस."

आधी सचिवांना सांगितलं. त्यांनी टेबलावरचा कागद बोटांनी सरळ केला. मग म्हणाले की म्हणूनच मी तयार प्रोग्राम घेऊ म्हणत होतो. मी काही बोलणार होते, पण कमळाताई पुढे झाल्या. पंधरा वर्षांत त्या सचिवांशी हजेरीपलीकडे कधी बोलल्याचं मी पाहिलं नव्हतं.

"साहेब, तयार प्रोग्रामात चूक झाली असती, तं ती पकडाले तिथं कोण बसलं असतं?"

सचिव म्हणाले की आधी अकरा कार्डं परत आणा, मग बोलू.

जुन्या सवयीने वहीत लिहिलेले मूळ आकडे होतेच. कमळाताईंनी वही कधी सोडली नव्हती. अकरा नवी कार्डं छापली, शिक्का मारला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला माझ्या स्कूटीवर आम्ही निघालो. मागे त्या, तोंडाला पदर बांधून, मांडीवर कार्डांची पिशवी. वावरं नांगरून उघडी पडली होती. मोठमोठी काळी ढेकळं, अजून उन्हात न फुटलेली. मला सगळी वावरं सारखी दिसत होती. कमळाताई मागून सांगत होत्या, हे अमक्याचं, सामू साडेआठ, याले जिप्सम सांगतलं होतं. हे तमक्याचं, कर्ब चांगला, शेणखत टाकते तो. यातल्या बहुतेक वावरांत त्या आयुष्यात गेल्या नव्हत्या. त्यांची माती तेवढी त्यांच्या टेबलावर येऊन गेली होती.

धनजला एका म्हाताऱ्या बाबांनी कार्ड लॅमिनेशन करून आणलं होतं. आम्ही नवं दिलं, चूक समजावून सांगितली, आणि जुनं परत मागितलं. ते देईनात. मला वाटलं, रागावले. ते म्हणाले की त्याच्यावर ‘रद्द’ लिहा आणि खाली सही करा. लॅमिनेशनवर पेन उठेना, तेव्हा घरातून मार्कर आणवला. मी रद्द लिहिलं, सही केली. त्यांनी ते कार्ड उजेडात धरून बघितलं आणि म्हणाले, "चूक सांगाले घरापर्यंत आलेलं हापीस मी पह्यल्यांदा पाह्यलं. हे राहू द्या माह्यापाशी."

बाकीच्या घरी पाणी मिळालं, कुठे चहा, एका ठिकाणी बोलणी. तिथे एकाने आम्हाला दारातच उभं करून दहा मिनिटं सुनावलं की असली यंत्रं कशाला आणता. आम्ही ऐकून घेतलं. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

शेवटचं कार्ड इंझोरीला होतं, उषाबाईंचं. तिथे पोचेपर्यंत अकरा वाजले होते आणि रस्त्यावरून झळा निघत होत्या. उषाबाई माझ्याच वयाच्या असतील. नवरा लष्करात, वावर त्या स्वतः बघतात. आम्ही ओळख सांगितली, तशा त्या आत गेल्या आणि एक प्लास्टिकची फाइल घेऊन आल्या. आत चार कार्डं होती. तीन जुनी, एक आमचं चुकलेलं. त्यांनी ती खाटेवर ओळीने मांडली.

"मले वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "हे पाहा ना ताई. तिन्ही कार्डात पालाश भरपूर. अन् औंदा एकदम तळाले? माती का अशी एका सालात फिरते काय? दीर म्हणे पालाशच्या बॅगा घेऊन येतो. मी म्हटलं, लॅबवाल्यायले विचारल्याबिगर आणाचं नाई. उद्या येणारच होती मी."

मी त्या तीन कार्डांकडे बघत होते. तीन वेगवेगळ्या उन्हाळ्यांत, माझ्या जुन्या प्रोग्रामने छापलेली. कोपरे दुमडलेले, एकावर हळदीचा डाग. मी पुण्यात होते, नोकऱ्या बदलत होते, हा प्रोग्राम मी विसरूनही गेले होते, त्या काळात इथे कोणीतरी ही कार्डं फाइलला लावून एकमेकांशी ताडून बघत होतं. मला वाटायचं की कार्ड म्हणजे शेवट. छापलं की प्रोग्रामचं काम संपलं. उषाबाईंच्या खाटेवर कळलं की तिथून पुढेही कोणीतरी ते वाचतं, आणि माझ्या लाल अक्षरांतल्या प्रश्नापेक्षा नीट वाचतं.

कमळाताईंनी चारही कार्डं हातात घेतली आणि उषाबाईंना विचारलं की तिसऱ्या वर्षी कर्ब वाढला तो कशाने. उषाबाईंनी सांगितलं की त्या वर्षी हिरवळीच्या खतासाठी बोरू पेरून गाडला होता. मग त्या दोघी अर्धा तास बोरूबद्दल बोलत बसल्या आणि मी माठातलं पाणी पीत ऐकत राहिले.

परतल्यावर मी एंटरचा क्रम नीट केला, मुक्या प्रश्नाची तार जोडली. पाच मिनिटांचं काम. पण मी संगणक बंद केला नाही. कमळाताईंना खुर्ची ओढून बसायला सांगितलं आणि विचारलं की ताई, या वेळी तुम्ही सांगा, कसं पाहिजे. पंधरा वर्षांपूर्वी हे मी विचारलं नव्हतं. महिनाभरापूर्वीही नव्हतं. जुनं होतं तसंच नवं करायचं, एवढंच मी डोक्यात घेतलं होतं.

त्यांनी चिठ्ठीच्या मागे पेनाने एक खिडकी काढली. लाल अक्षरं नकोत, कारण त्या पडद्याकडे बघतच नाहीत. आकडा भलता असेल तर आवाज झाला पाहिजे. आणि तो आवाज एंटरने बंद होता कामा नये. आकडा पुन्हा लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. शिवाय त्याच गट नंबरचं जुनं कार्ड असेल तर त्याचे आकडे शेजारी दिसले पाहिजेत, इंझोरीच्या बाईने मांडले तसे. मी दोन सकाळी घालून ते केलं. प्रोग्राममधली आजची सगळ्यांत चांगली खिडकी तीच आहे.

सचिव मेच्या दुसऱ्या आठवड्यात बघायला आले. कमळाताईंनी त्यांना काही समजावलं नाही. त्यांच्यासमोर तीस नमुने भरले, मध्ये एकदा मुद्दाम उलटा आकडा टाकला. संगणक ओरडला. सचिव दचकले. तयार प्रोग्रामचा विषय त्यानंतर निघाला नाही.

परवा ओसरीसमोर मी गाडी उभी केली तेव्हा आत कमळाताई दिसल्या नाहीत. आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावच्या प्रयोगशाळेने आमचा प्रोग्राम घ्यायचं ठरवलं आहे, तिथल्या माणसाला शिकवायला त्या आठवडाभर गेल्या आहेत, असं कळलं. शिरपूर तिथून जवळ, म्हणून बहिणीकडे राहतात आणि बसने जाऊन-येऊन करतात. मला आधी आश्चर्य वाटलं, मग अजिबात वाटलं नाही.

काल दुपारी त्यांचा फोन आला. शिकवणं कसं चाललं आहे, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या की माणूस चांगला आहे, मातीतलं कळतं त्याला, पण त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं थ्रेशरमध्ये गेली आहेत. आकडा-एंटर, आकडा-एंटर त्याला जमत नाही. मी म्हटलं की सरावाने जमेल, तुम्हालाही वेळ लागला होता.

"नाई जमणार," त्या म्हणाल्या. "अन् कायले जमवा? त्याचा डावा हात चांगला हाय. डाव्या हातानं माउस धरते तो. पण तुहे बटनं बारीक हाय पोरी, त्याचा नेम चुकते. त्याच्यासाठी माउसवालं कर. बटनं मोठे कर."

किती मोठी, असं मी विचारलं. त्यांनी फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग लांबून त्यांचं बोलणं ऐकू आलं. कागदाची चिठ्ठी कापून त्या पडद्यावर धरत होत्या आणि त्या माणसाला तिच्यावर नेम धरायला सांगत होत्या. जराशी मोठी चिठ्ठी. अजून जराशी मोठी. पुन्हा नेम. मग पट्टी मागितली.

"अडीच सेंटीमीटर," त्या फोनवर येऊन म्हणाल्या. "लिहून घे."

मी लिहून घेतलं.